खोली घुमते, आणि दोष मात्र स्टिरिओला

सोलापुरात व्हॉट्सअॅपवर एक सल्ला फिरतोय: "इक्वलायझरच्या कडेच्या पट्ट्या वर, मधल्या खाली, असा व्ही करा. बेस कमी वाटला तर 60 हर्ट्झ पूर्ण चढवा. खोली घुमत असेल तर भिंतीवर सोलापुरी चादर टांगा. साधा स्टिरिओ महागड्यासारखा वाजेल."

इक्वलायझर म्हणजे जाड ते बारीक सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायच्या पट्ट्या; हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा. आधी व्हीचं बघू. साधारण 300 ते 3,000 हर्ट्झच्या पट्ट्यात गाणाऱ्याचा आवाज आणि पेटी यांचा गाभा असतो. तोच खाली ओढला की अभंगाचे शब्द बुडतात. यात तथ्य एवढंच, की आवाज हळू असताना कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं. रात्री हळू लावताना बेस 3-4 डेसिबल चढवायला हरकत नाही. आवाज मोठा केला की ती वाढ काढून टाका.

60 हर्ट्झ पूर्ण चढवणं मात्र धोक्याचं आहे. पट्टी बहुधा 12 डेसिबलपर्यंत जाते, आणि 12 डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात सोळापट वीज. जिथे 5 वॅट पुरत होते तिथे 80 लागतात. अँप्लिफायरची तेवढी ताकद नसली की लहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि ट्वीटरवर (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर) जादा वीज जाऊन तो जळू शकतो. पाच इंची वूफर (जाड सुरांचा स्पीकर) तर एवढ्या हालचालीसाठी बनलेलाच नसतो.

मुळात तो बेस कमी का वाटतो? बहुतेक वेळा खोलीमुळे. 12 बाय 10 ची खोली, 10 फुटांवर स्लॅब, खाली फरशी: लांबीमुळे सुमारे 47 हर्ट्झला आवाज साचतो, रुंदी आणि उंची सारखी, म्हणून 56 च्या आसपास दुप्पट साचतो. भिंतीला टेकून बसलात तर बेस घुमतो, लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर 47 हर्ट्झ जवळजवळ गायब. असा खड्डा इक्वलायझरने भरत नाही, कारण स्पीकरमधून थेट येणारी लहर वाढवली की तिला खोडणारी परतलेली लहरही तेवढीच वाढते. खुर्ची मागच्या भिंतीपासून 4 फुटांवर आणा; फुकटात फरक पडतो.

चादरीने टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट कमी होतो, विशेषतः घड्या घालून भिंतीपासून 4 इंच सोडून टांगली तर. एवढ्या खालच्या बेसची लहर मात्र 20 फुटांहून लांब; तिला चादरीचा अडसर वाटतच नाही.

इक्वलायझर लावायचाच तर शेवटी लावा. स्पीकर कोपऱ्यातून काढा, ट्वीटर कानाच्या उंचीवर घ्या. पंखा-कूलर बंद करून रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने मोजा, मापनाच्या मायक्रोफोनने. फोनचा माइक खालच्या सुरांत फसवतो. आलेखात जो डोंगर दिसेल तोच कापा. दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये 31 नंतर थेट 62 येतो, 47 चा डोंगर मधेच निसटतो. म्हणून पॅरामेट्रिक, म्हणजे हवा तो हर्ट्झ आणि पट्ट्याची रुंदी निवडता येणारा इक्वलायझर वापरा: 47 हर्ट्झ, क्यू 5 (क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद), उणे 5 डेसिबल. 300 हर्ट्झच्या वर खोलीसाठी शक्यतो हात लावू नका. डिजिटलमध्ये एखादा पट्टा 3 डेसिबल वाढवलाच, तर प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) तितकाच खाली घ्या. आणि चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जो मोठा वाजेल तोच चांगला वाटेल.