सही घेतली म्हणजे संमती झाली का?

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘चार दिवस काम, तीन दिवस आराम, कामगारांची चंगळ!’ खाली अंगठ्यांची रांग. पाठवणारे दादा पुण्यात एसीत बसून काम करतात. डोकंच फिरलं माझं.

माझा धाकटा भाऊ जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात आहे, ठेकेदाराकडून. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला आणि आत दाणा वितळवणारं मशीन. ड्युटी करून आला की जेवायच्या आधी आडवा होतो. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती याच माणसाचा दिवस वाढवायला. रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. आठवड्याचे ४८ तास तसेच राहतील म्हणे, म्हणजे बारा तासांचे चार दिवस, आणि कामगाराची लेखी संमती लागेल.

संमती! भावाच्या सह्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवल्यात. एकदा आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून तो जास्तीचा थांबला नाही, तर पुढे कित्येक दिवस गेटवरूनच परत पाठवला. आता कितीही थकलेला असला तरी थांबतो. म्हणतो, “नही म्हनं ते सकाय कोन बलाई माले?” नाही म्हटलं तर उद्या कोण बोलावेल मला?

ओव्हरटाइमला दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच आहे, त्यातलं कलम ५९. भावाला मिळतो सिंगल, तोही रोख, कुठे नोंद नाही. जो नियम आहे तो इतक्या वर्षांत त्या गेटच्या आत शिरला नाही, आणि तास मात्र लगेच वाढवायचे?

हो, ओव्हरटाइम मागून घेणारी पोरं आहेत, मान्य. पण साध्या पगारात घर चालत असतं तर कोण मागेल?

दादा, राग तुमच्यावर नाही. तुम्ही त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलात. म्हणूनच म्हणते, तो मेसेज पाठवायच्या आधी त्याला एक फोन करायचा होता. साने गुरुजी ज्या अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी झटले, त्याच मुलखातले आपण ना?

ज्यांच्या घरातलं कुणी कारखान्यात आहे त्यांनी आज रात्री एवढं करा. पगारपत्रक मागा, ओव्हरटाइमचा रकाना बघा, जास्तीचे तास रोज वहीत तारखेसह लिहायला सांगा. भावाची वही मी आजच आणली. आणि कोऱ्या कागदावर सही कुणीही करू नका.