वॉरंटी संपून एक्केचाळीस दिवस

गाडी विकणाऱ्या काकांनी सगळं खरं सांगितलं आणि तिथेच पहिली शंका आली.

"वॉरंटी गेल्या महिन्यात संपली बरं का," ते आपणहून म्हणाले. गाडी विकणारा माणूस आपणहून वाईट बातमी सांगतो, तेव्हा तो एकतर देवमाणूस असतो किंवा त्याहून मोठी बातमी दडवत असतो. घरी आल्यावर मी कागदांच्या फोटोवरून तारीख काढली आणि बोटांवर दिवस मोजले. एक्केचाळीस. एक्केचाळीस दिवसांपूर्वी हीच गाडी, हाच करडा रंग, हेच इंजिन आणि पाठीशी अख्खी कंपनी. आज तीच गाडी पोरकी.

गाडीला बिचारीला यातलं काही कळत नाही. पण मला त्या रात्री पक्कं वाटायला लागलं, की कंपनीने आत कुठेतरी एक स्क्रू असा बसवलेला असणार, जो मुदत संपल्यावर बरोबर बेचाळिसाव्या दिवशी गळून पडतो. म्हणजे उद्या.

"बिघडली तर फोन कुणाला करायचा?" बायकोने विचारलं.

"आपल्या मिस्त्रींना."

"आणि ओरडायचं कुणावर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉरंटी म्हणजे गाडी फुकट दुरुस्त होते, हा आपला भाबडा समज असतो. आमची सध्याची गाडी नवी असताना तिला तीन वर्षांची वॉरंटी होती. त्या तीन वर्षांत क्लच प्लेट गेली, ब्रेक पॅड गेले, वायपरची रबरं गेली. प्रत्येक वेळी काउंटरवरचा मुलगा तितक्याच हसतमुखाने सांगायचा, "सर, ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही." गाडी झिजण्याखेरीज दुसरं करते तरी काय, हे विचारायचं राहूनच गेलं. तीन वर्षांत फुकट मिळालं ते मागच्या डाव्या खिडकीचं बटण, आणि त्यासाठीही तीन खेपा झाल्या.

पण झोप लागायची, हे कबूल केलं पाहिजे. गाडीखालून खडखड आली तर वाईट वाटायचं नाही. उलट 'बघतील त्यांचं ते' असा एक उदार आनंद व्हायचा. वॉरंटी संपल्यानंतरच्या सोमवारी तीच खडखड थेट माझ्या पोटात येऊ लागली. आवाज तोच, फक्त त्याचा मालक बदलला होता.

त्या गाडीला आता सतरा वर्षं झाली. तिची वॉरंटी संपली तेव्हा मुलगा चालायला शिकत होता, आता तो ती चालवू द्या म्हणून मागे लागतो. म्हणजे चौदा वर्षं आम्ही बिनवॉरंटीचेच हिंडतोय. पण आपल्या अंगणातला साप दोरी वाटतो आणि दुसऱ्याच्या अंगणातली दोरी साप.

निर्णय घ्यायचा नसला की माणूस वाचत बसतो. मीही बसलो. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1970 साली 13 पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला, तो चक्क जुन्या गाड्यांच्या बाजारावर. अमेरिकेत गळ्यात पडलेल्या भिकार गाडीला 'लेमन' म्हणतात, लिंबू. अकरलॉफचं म्हणणं असं : गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी काढत नाही, लिंबूवाला मात्र उड्या मारत काढतो. होता होता बाजारात लिंबंच उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध साभार परत केला होता, आणि 2001 साली याच विचारासाठी अकरलॉफला नोबेल विभागून मिळालं.

मी धडधडत्या छातीने त्यातला उपायांचा भाग उघडला. एवढा मोठा माणूस, काहीतरी तोड सांगितलीच असेल. सांगितली होती. पहिलाच उपाय : गॅरंटी.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गाडी बघायला गेलो. या वेळी मी तयारीनिशी गेलो होतो, म्हणजे खिशात फ्रीजवरचं फुलपाखराचं मॅग्नेट होतं. चेपलेला पत्रा पुट्टी भरून सारखा केला असेल तर तिथे लोहचुंबक धरत नाही, एवढं ज्ञान रात्रीत मिळवलं होतं. काका कागद आणायला आत गेल्यावर मी फुलपाखरू दारावर लावलं. चिकटलं. दुसऱ्या दारावर, चिकटलं. बॉनेटवर, चिकटलं. मग पुढच्या बंपरवर लावलं आणि ते टपकन खाली पडलं.

मी बायकोकडे पाहिलं. "पुढून ठोकलीये," मी कुजबुजलो. लगबगीने मागे गेलो. मागच्या बंपरवरूनही फुलपाखरू घसरलं.

"मागूनही!"

"बंपर प्लास्टिकचे असतात हो," मागून काका म्हणाले. ते केव्हा आले होते कोण जाणे. त्यांच्या आवाजात उपहासाचा लवलेशही नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. वाकून फुलपाखरू उचललं, तर त्याचा एक पंख तुटला होता. दोन्ही तुकडे खिशात टाकले आणि जणू टायरच बघायला वाकलो होतो असं दाखवत तसाच उकिडवा बसून राहिलो.

बसलोच होतो म्हणून टायर बघितले. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर 4024 होतं, म्हणजे 2024 सालचा चाळिसावा आठवडा. डिकीतल्या स्टेपनीवर 1421. मूळचे टायर एकदा झिजून बदललेले आणि स्टेपनी जन्मापासून कुमारिका. मीटरवरच्या 58 हजार किलोमीटरशी हे जुळत होतं. मीटर मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पेडलवरचं झिजलेलं रबर आणि स्टिअरिंगला हाताने आलेली चकाकी मागे फिरवायला कुणी जात नाही. तीही वयाला साजेशीच निघाली. चासी नंबर बायको मोठ्याने वाचत होती. मध्येच ती 'ओ' म्हणाली. "ओ नसतोच!" मी ओरडलो. "सतरा अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू घेतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. ते शून्य आहे." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती सतरा वर्षांच्या गाडीकडे पाहण्याची नजर होती.

सगळं ठीक होतं, हीच पंचाईत होती. शेवटी मी सहज बॉनेटवर हात टेकला, तर बॉनेट गरम.

"आत्ताच जरा औषधं आणायला गेलो होतो," काका म्हणाले.

हे मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री कुणाच्या तरी गाडीखाली होते. त्यांच्याशी माझं निम्मं आयुष्य त्यांच्या चपलांशीच बोलण्यात गेलंय. चपला म्हणाल्या, "साहेब, गरम गाडी बघू नका. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या गाठा. इंजिन आजारी असलं तर सकाळीच कण्हतं."

मग धुराचं शास्त्र झालं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर इंजिन गार ठेवणारं कूलंटचं पाणी आत शिरतंय, बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघाली तर घाबरू नका. ऑइलचं झाकण उघडून खाली बघा, साय धरल्यासारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असेल. पण थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनीही तसं होतं, म्हणून लगेच बोंबलू नका. मी सगळं लिहून घेतलं. पुढचा आठवडाभर सिग्नलला समोरच्या गाडीच्या सायलेन्सरकडे मी अशा काही टक लावून बघायचो, की दोन जणांनी उतरून "काय झालं?" म्हणून विचारलं. एकाला निळा होता. सांगितलं. त्याला आनंद झाला नाही.

"आणि टायमिंग बेल्ट बदललाय का विचारा," चपला शेवटी म्हणाल्या.

हे त्यांनी सांगायला नको होतं. इंजिनात वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांचा ताल सांभाळणारा तो पट्टा. तो तुटला की ताल गेला, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन सरळ वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकले की अख्खं इंजिन उघडावं लागतं. शिवाय पट्टा रबराचा, गाडी उभी राहिली तरी वर्षांनी म्हातारा होणारच. मी सर्व्हिस बुकाचे फोटो मोठे करकरून बघितले. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदललं. बेल्टचा कुठे उल्लेख नाही. तीन रात्री मी डोळे मिटले की एक पट्टा दिसायचा, त्याला बारीक चीर पडलेली असायची. चौथ्या दिवशी धीर करून काकांना फोन लावला. रागावतील म्हणून प्रश्न तीनदा घोळवून विचारला.

"बेल्ट?" काका म्हणाले. "हिला चेन आहे."

तरी सकाळची परीक्षा राहिलीच होती. भल्या पहाटे, काकांचे डोळे अजून अर्धे मिटलेले असताना आम्ही पोचलो. सोबत भाचा होता, त्याच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनर असतो. मी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मागे जाऊन पाहिलं तर कसलाच धूर नाही. मला थोडं निराश झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू? दाराशी एका खुंटीला औषधांच्या दुकानाची पिशवी लटकत होती. माणूस खरोखरच औषधं आणायला गेला होता.

भाच्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. "मामा, एकही फॉल्ट कोड नाही."

"काल रात्री कुणी पुसले असतील तर?" मी हळूच विचारलं.

"पुसले की गाडीच्या आतल्या तपासण्या अर्धवट दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. हिच्या सगळ्या पूर्ण आहेत."

परत आल्यावर त्या कार्ट्याने गंमत म्हणून स्कॅनर आमच्या गाडीला लावला. पाच कोड निघाले. तो एकदा फोनकडे, एकदा गाडीकडे बघत राहिला. "मामा, ही चालते कशी?"

बायकोने हे ऐकलं आणि खटल्याचा निकाल तिथेच लागला. "पाच बिघाड असलेल्या गाडीत बसून तू एक बिघाड नसलेल्या गाडीत बिघाड शोधायला तीनदा गेलास," ती म्हणाली. तिने हिशेब मांडला : शोरूममधल्या कोऱ्या गाडीला जे जास्तीचे द्यावे लागले असते, त्यातले थोडे बाजूला ठेवायचे, वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. गाडी बिघडली तर त्यातून काढायचे, नाही बिघडली तर आपलेच.

"आणि फोन कुणाला करायचा?" मी विचारलं. शेवटी तो तिचाच मुद्दा होता.

"मला कर," ती म्हणाली. "मी तुझ्यावर ओरडेन आणि मग पैसे देईन."

एवढी स्वच्छ अटींची वॉरंटी मला आजवर कुठल्याच कंपनीने दिली नव्हती. बारीक अक्षरातलं कलम एकही नाही. काकांना विसार देऊन टाकला.

मग राहिली आमची गाडी. तिची जाहिरात मीच लिहिली. 'उत्तम स्थिती' लिहिलं, खोडलं, 'वयाच्या मानाने उत्तम स्थिती' लिहिलं, आणि 'वयाच्या मानाने' पुन्हा खोडलं. पाच कोडांबद्दल कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. विचारलं तर.

रविवारी सकाळी एक तरुण जोडपं बघायला आलं. मुलाच्या फोनमध्ये यादी होती. मुलीने आल्या आल्या खाली बसून टायरवरचे आकडे वाचायला सुरुवात केली. आमची गाडी गार असताना तिसऱ्या फटक्याला सुरू होते, कधी चौथ्या, आणि मग थोडी कण्हते. त्यामुळे ती दोघं यायच्या आधी मी तिला वीस मिनिटं फिरवून आणलं होतं. तसं काही कारण नव्हतं. सकाळची हवा चांगली असते.

मुलगा गाडीभोवती एक फेरी मारून पुढे आला. त्याने यादीत काहीतरी वाचलं, फोन खिशात ठेवला आणि सावकाश, अगदी माझ्यासारखाच, बॉनेटवर तळहात टेकला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आत्ताच जरा औषधं आणायला गेलो होतो," मी म्हणालो.