फेज उलटला, लॉक तुटला

डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी या अमेरिकेच्या वेळ सांगणाऱ्या रेडिओ केंद्राचा जुना रिसीव्हर लॉक होत नाही, म्हणजे सिग्नलशी जुळून राहत नाही म्हटले, की सल्ला ठरलेला: 'अँटेना बदला, कपॅसिटर बदला'. अहो, पुरे! कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या त्या 60 किलोहर्ट्झ सिग्नलवर 2012 पासून फेज मॉड्युलेशन आहे, म्हणजे लहरीची फेज बदलून माहिती पाठवतात. बिट 1 आला की कॅरियर, म्हणजे सिग्नलची मूळ लहर, 180 अंशांनी उलटतो. या सिग्नलवर वेळ जुळवणारी भिंतीवरची साधी घड्याळे सुखरूप आहेत. ती सिग्नलची पातळी 0.2, 0.5 की 0.8 सेकंद पडली एवढेच बघतात. बळी गेला तो कॅरियरला फेज-लॉक करणाऱ्या उत्तम यंत्रांचा, आणि लोक ती भंगारात काढतात!

उपाय आहे: सिग्नलची वारंवारता दुप्पट करा. 120 किलोहर्ट्झवर 180 चे 360 होतात, उलटापालट नाहीशी. मग दोनने भागा. दुप्पट करण्याआधीचा फिल्टर फार अरुंद नको, फेज बदलताना तो रेंगाळतो.