आडवी आलेली काडी

लहान पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे पक्ष्यांपेक्षा काड्यांचे फोटो जास्त असतात. माझ्याकडे बाभळीच्या काड्या आहेत, बोरीच्या आहेत, घाणेरीच्या आहेत, शेवग्याच्या तर शेंगांसकट आहेत. एकेक काडी इतकी लख्ख की सालीवरच्या मुंगीचे पाय मोजून घ्यावेत. तिच्यामागे एक करडा-हिरवा धुरकट डाग असतो. तो पक्षी.

मोठ्या पक्ष्यांचं बरं असतं. भिगवणला नावेत बसावं, नावाडी सांगेल तिकडे लेन्स फिरवावी. रोहित पक्षी चिखलात मान घालून निवांत जेवत असतात. मध्येच डबा उघडून आपणही दोन घास खाल्ले तरी ते तिथेच असतात. पण मला नाद लागला तो फुलटोच्याचा. हा आपल्याकडच्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. लांबी ८ सेंटीमीटर, वजन पाच-सहा ग्रॅम. माझी लेन्स २ किलोची. तागडीच्या एका पारड्यात ती ठेवली तर दुसऱ्यात तीनशेच्या वर फुलटोचे बसतील. अर्थात, ते बसले तर.

फुलटोच्या आंब्यावरच्या बांडगुळात सापडतो. सापडतो म्हणजे 'टिक टिक टिक' असा ऐकू येतो. बांडगुळाची फळं हे त्याचं आवडतं खाणं, आणि त्यातली बी भलती चिकट. ती फांदीला घासून पुसायला लागते तेवढाच वेळ हे महाशय एका जागी असतात. म्हणजे कलात्मक छायाचित्रासाठी आपल्याला मिळणारा एकमेव क्षण हा त्यांच्या स्वच्छतेचा असतो. तेवढ्यात मी काय काय करायचं? ६०० मिलिमीटरची लेन्स पाच मीटरवर रोखली की फोकसची जाडी उरते दोनेक सेंटीमीटर. त्यात डोळा यायलाच हवा. शेपटी अस्पष्ट चालते, पाय चालतात, डोळा नाही. शटर एक द्विसहस्रांश सेकंद. बांडगुळाच्या सावलीत एवढ्या वेगाला उजेड पुरत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर; बदल्यात फोटो रवाळ होतो. हे सगळं जमवून बटण दाबावं, की कॅमेऱ्याचा तो महागडा, डोळे ओळखणारा ऑटोफोकस पुढची काडी ओळखतो आणि तिथेच रमतो.

मग कोणीतरी सांगतं, झाडाखाली मान मोडून घेण्यापेक्षा सिंहगड व्हॅलीत जा, पाण्यावर पक्षी आपण होऊन खाली येतात. येतात, खरं आहे. माणसंही येतात. पहाटे आतकरवाडीच्या बाजूला पोहोचावं तर पाण्याच्या डबक्यासमोर आधीच रांग लागलेली असते. सगळ्यांच्या अंगात पानापानांचे छापील कपडे. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून. ही झुडपं एकमेकांना चहा देत असतात, आणि त्यातल्या एका झुडपाच्या खिशात हमखास मोठ्यांदा आरती वाजते.

पहिला येतो लाल बुडाचा बुलबुल. काठावर बसतो, डावी बाजू दाखवतो, उजवी दाखवतो, तुरा उभा करतो. कोणी ढुंकून बघत नाही. बुलबुलचा फोटो काढणं म्हणजे आपण नवीन आहोत असं जाहीर करणं. त्यानंतर येतो नाचण. शेपटीचा पंखा उघडून हा असा नाचतो की पाहणाऱ्याला चक्कर यावी. शिवाय त्याला माणसाची भीती नाही. तो थेट माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर येऊन नाचला. आणि माझ्या लेन्सला चाळिशी लागलेल्या माणसासारखं जवळचं दिसत नाही. सव्वादोन मीटरच्या आत ती नुसती घूं-घूं करत पुढेमागे होते. मी पाठ टेकवून मागे सरकू लागलो. मागे कातळ. शेवटी मी कॅमेरा खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा शेजारच्या झुडपाने कुजबुजत विचारलं, "बॅटरी संपली का?"

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणारेही भेटतात. बिचाऱ्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. खाणंपिणं टाकून तो भांडायला येतो आणि समोर भेटतो एक पाचशे जीबीचा माणूस. हे मला पटत नाही. घरट्याजवळ जाऊन काढलेले फोटोही पटत नाहीत. तेव्हा राहिला काय, तर काडीमागचा डाग.

तो घेऊन रात्री संगणकासमोर बसायचं. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो, एकेक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला हात न लावलेला मूळ फोटो, ३० एमबीची, त्यामुळे आधी निवड. एकात मान वळलेली. एकात चोच उघडी, पण तिसरी पापणी डोळ्यावर आलेली, त्यामुळे पक्ष्याला मोतीबिंदू झाल्यासारखा वाटतो. एकात नुसती फांदी, जिच्यावर आत्ताच कोणीतरी होतं. मुलगी मागून येऊन म्हणते, "बाबा, यातला वेगळा कुठला?" मी तिला दोन फोटोंमधला डोळ्यातल्या चमकेचा फरक दाखवतो. ती निघून जाते.

मग क्रॉप. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत पक्षी एका कोपऱ्यात असतो. त्याला कापून मध्ये आणलं की दीड मेगापिक्सेल हाती लागतात, आणि त्यांच्यावर ६४०० आयएसओची रवाळ रांगोळी. ती पुसायला हल्ली फार हुशार सॉफ्टवेअर आलं आहे. ते रांगोळी पुसतं आणि जिथे पिसं दिसत नव्हती तिथे स्वतःच्या मनाने पिसं काढतं. हिवाळ्यात हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून इकडे पर्ण वटवटे येतात. सगळे हिरवट-करडे, सगळे अस्वस्थ. ते ओळखायचे पंखावरच्या फिकट पट्टीवरून, भुवईवरून, आणि खात्री करायची ती आवाजावरून. असाच एक मी स्वच्छ करून पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. सॉफ्टवेअरने पट्टी साफ पुसली होती आणि पांढऱ्या रंगाचा तोल साधताना पोट माझ्या हातून पिवळं झालं होतं. सकाळपर्यंत तो वटवट्या तीन वेगवेगळ्या जातींचा झाला होता आणि चौथ्या जातीच्या बाजूने एक जण अजून टाइप करत होता.

एवढ्यानेही जो फोटो सुधारत नाही त्याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात. पक्षी दिसला याचा पुरावा, एवढाच दावा. माझं दालन या पुराव्यांनी भरलेलं आहे.

पण एकदा जमलं. फुलटोच्या, उघड्या फांदीवर, डोळ्यात सूर्याचा ठिपका, चोचीत बांडगुळाचं फळ. आणि पोटावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काडी.

ती पुसायची का? सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम. पण आमच्या ग्रुपवर एक काका आहेत, कोणाच्याही सुंदर फोटोखाली ते एवढंच लिहितात, "रॉ दाखवा." मोठ्या स्पर्धांचे नियमही कडक. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधल्या एका मुंगीखाऊचा फोटो आपल्या गटात जिंकला होता. रात्रीची वेळ, चमचमणारं वारूळ, त्याच्याकडे निघालेला प्राणी. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी बारकाईने पाहून कौल दिला की हा मुंगीखाऊ बहुधा पेंढा भरलेला आहे, आणि बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. बातमी वाचून सगळे हळहळले. माझ्या मनात मात्र आधी हे आलं की पेंढा भरलेला प्राणी हलत नाही, आणि फोकस किती आरामात करता येत असेल. लगेच मी तो विचार झटकला.

काडी मी ठेवली. उजेड किंचित वाढवला, कडेचा मोकळा भाग कापला, बाकी कशालाही हात लावला नाही. ग्रुपवर रॉसकट फोटो टाकला. काकांनी अंगठा दिला. काकांचा अंगठा म्हणजे काय, हे ग्रुपबाहेरच्यांना कळायचं नाही. त्याच भरात मी तो फोटो आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या मावशीकडून तो परत आला. वर 'शुभ सकाळ', खाली जास्वंद. आणि काडी नव्हती. पोट सलग, गुळगुळीत, जणू तिथे काही नव्हतंच.

मी फोन केला. "मावशी, काडी कुठे गेली?"

"अरे, त्या चिमणीच्या पोटावर आडवी येत होती, बोटाने पुसली. नवीन फोनात येतं ते. आणि जरा पिवळं केलंय तिला. अगदीच अशक्त दिसत होती."