बेथलेहेमचं चर्च सोडलं तर तिकडे काहीच नाही? जरा थांबा

आमच्या वसईच्या ग्रुपवर कोणी होली लँड टूरचं नाव काढलं की एक फॉरवर्ड हमखास येतो, आणि परवा एकाच दिवशी तीन जणांनी टाकला. त्यात म्हटलंय की पॅलेस्टिनी गावांत बेथलेहेमचं चर्च सोडलं तर बघण्यासारखं काही नाही, तेही अर्ध्या दिवसात उरकतं, बाकी सगळ्या मशिदीच आहेत, खरं जुनं काय ते इस्रायलच्या बाजूला, आणि तिकडे टुरिस्टला सोडतच नाहीत. मी २०१९ मध्ये मम्मीला घेऊन तिकडे आठ दिवस राहून आलेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते "अर्ध्या दिवसात उरकतं". उरकतं, कारण टूरवाले तसंच बसवतात! बस थांबते, येशूचा जन्म झाला मानतात त्या गुहेसाठी लाईन लागते, चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावायचा, ऑलिव्हच्या लाकडाच्या दुकानात तासभर, की परत जेरुसलेम. पण त्याच चर्चचा दरवाजा बघा, जेमतेम चार फूट, मम्मीला गुडघेदुखीमुळे अक्षरशः माझा हात धरून वाकावं लागलं, आणि मागे सरून वर बघितलं की भिंतीत जुन्या मोठ्या कमानीची खूण दिसते, म्हणजे दार किती वेळा लहान करत आणलंय ते डोळ्यांसमोर येतं. आत जमिनीला लाकडी झाकणं आहेत, त्यांच्याखाली जुन्या चर्चच्या मोझेकची फरशी आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात चौथ्या शतकात पहिलं चर्च उभं राहिलं, आत्ताचं सहाव्या शतकातलं. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि आपले कॅथलिक फ्रान्सिस्कन फादर, तिघांचा तिथे हक्क, म्हणून गावात नाताळही तीन वेळा, २५ डिसेंबर, ७ जानेवारी आणि आर्मेनियन लोकांचा त्यानंतर जानेवारीतच. हे सगळं चाळीस मिनिटांत कसं बघणार?

आणि जवळच बत्तीर आहे, त्याचं तर फॉरवर्डमध्ये नावही नाही. डोंगरउतारावर दगडी बांध घातलेल्या शेताच्या पायऱ्या, झऱ्याचं पाणी पाटाने फिरवलेलं, आणि गावातल्या आठ घराण्यांना पाण्याची पाळी एकेक दिवस, म्हणून तिकडचे लोक म्हणतात आमचा आठवडा आठ दिवसांचा. ज्याच्या घरी शेती आहे त्याला पाळीचं महत्त्व मी सांगायला नको.

आता "बाकी सगळ्या मशिदीच". मशिदी आहेत, भरपूर आहेत, आणि बघण्यासारख्या आहेत. पण आत काय आहे ते तर बघा. नाब्लूसजवळ सेबास्तिया, म्हणजे बायबलमधलं शोमरोन, तिथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची कबर मानतात ती जागा मशिदीत आहे, नबी याह्या मशीद, आणि ती मशीद क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धासाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या, कॅथेड्रलच्या अवशेषात उभी आहे. हेब्रोनला, अरबीत अल-खलील, अब्राहामाची कबर. हेरोद राजाच्या काळातली प्रचंड दगडांची भिंत, आणि त्या एकाच इमारतीत एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला सिनेगॉग. इसहाक आणि रिबका यांच्या कबरी मशिदीच्या बाजूला, याकोब आणि लेआ सिनेगॉगच्या बाजूला, आणि अब्राहाम-सारा मध्ये, दोन्हीकडून जाळीतून दिसतात. ही वाटणी १९९४ नंतरची. त्या वर्षी फेब्रुवारीत तिथे नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं गेलं होतं. आत जाताना हे माहीत असलं की पाय जड होतात, खरंच सांगते.

नाब्लूसमध्ये याकोबाची विहीर आहे, योहान ४ मधली, जिथे येशूने सामरी स्त्रीकडे पाणी मागितलं. चर्चखाली पायऱ्या उतरून जायचं, विहिरीत थोडं पाणी ओतायचं आणि कान द्यायचे, बराच वेळ काहीच नाही, मग खालून आवाज येतो. मम्मीने तिथे मराठी बायबल काढून तो अख्खा अध्याय हळू आवाजात वाचला. आणि ते सामरी लोक गोष्टीतलेच नाहीत बरं का, वरती गरिज्जीम डोंगरावर आजही राहतात, सगळे मिळून जेमतेम आठ-नऊशे, निम्मे तिथे आणि निम्मे इस्रायलमध्ये होलोनला, आणि वल्हांडणाच्या सणाला डोंगरावर आजही कोकरं कापतात. हे पण "मशिदीच" का? तिथल्या ख्रिस्ती लोकांची संख्या खूप घटलीय हे खरं आहे, पण बेथलेहेमचा महापौर आजही ख्रिस्तीच असतो आणि शेजारच्या बेत साहूरमध्ये बहुसंख्य ख्रिस्ती आहेत.

"खरं जुनं इस्रायलच्या बाजूला" याला एकच शब्द, यरीहो, तेही पॅलेस्टिनी गावच. तिथल्या टेकाडात दगडी बुरूज आहे, साडेआठ मीटर उंच, आत २२ पायऱ्या, वय साधारण दहा हजार वर्षं, म्हणजे मोहेंजोदारोच्याही हजारो वर्षं आधीचा. युनेस्कोच्या यादीत तो २०२३ मध्ये आला, बेथलेहेमचं नेटिव्हिटी चर्च २०१२, बत्तीर २०१४, हेब्रोनचं जुनं शहर २०१७.

राहिलं "सोडतच नाहीत". रस्त्यावर लाल बोर्ड असतात, त्यावर इस्रायली नागरिकांना मनाई लिहिलेली असते, आपल्याला नाही. चेकपोस्टवर पासपोर्ट आणि इमिग्रेशनला मिळालेली ती छोटी चिठ्ठी जवळ ठेवायची, बस. हे मी २०१९ चं सांगतेय. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून परिस्थिती वेगळी आहे, वेस्ट बँकमध्ये, म्हणजे वर सांगितलेली गावं आहेत त्या भागात, रस्ते कधीही बंद होतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आपल्या सरकारची सूचना बघाच. गाझाला तर जाणं शक्यच नाही. तिथल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉम्ब पडला, आसऱ्याला आलेली माणसं गेली, जुनी ओमरी मशीद पडली. सेंट हिलॅरियनचा चौथ्या शतकातला मठ २०२४ मध्ये जागतिक वारसा झाला, तोही थेट धोक्यातल्या यादीत. आणि आपल्या ग्रुपवर तीन जण लिहितात की तिकडे काहीच नाही.