बॅटिंगचं तेवढं बघा

पॉल स्कीन्स हा आजघडीला बेसबॉलमधला बहुतेक सर्वांत भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आहे आणि तो आमच्या संघात आहे. आमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ हेच.

आमचा संघ म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स. ज्यांना बेसबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमधल्या तीस संघांपैकी हा एक. वय दीडशेच्या घरात, वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाच्या शेवटची विजेतेपदाची मालिका, पाच वेळा जिंकलेला, आणि त्यातली शेवटची १९७९ साली. नुसताच वाईट संघ असला तर त्याचा फारसा त्रास नसतो. एप्रिलमध्ये हरायला सुरुवात होते, मे संपता संपता आपण आशा सोडतो आणि उरलेला उन्हाळा टोमॅटोची रोपं लावायला मोकळे होतो. १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम पायरेट्सनी जिंकले त्याहून जास्त सामने हरले. आमचे शेजारी, वयाने सत्तरीच्या पुढचे, इथेच जन्मलेले, त्या वीस वर्षांबद्दल अगदी आपुलकीने बोलतात. तेव्हा रात्री झोप लागायची म्हणतात.

मग २०२३ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाची निवड म्हणून हा मिशीवाला मुलगा आला आणि गावाची झोप गेली.

२०२५चा त्याचा हिशेब सांगतो. पिचर नऊ इनिंगांमागे, म्हणजे एका पुरत्या सामन्यामागे, क्षेत्ररक्षणातल्या चुका सोडून सरासरी किती धावा देतो तो आकडा म्हणजे इआरए. तीनच्या खाली असला की लोक मान डोलावतात. स्कीन्सचा १.९७. पिचरांना मिळणारा सगळ्यांत मोठा मान म्हणजे साय यंग पुरस्कार. तो त्याला मिळाला आणि एकमताने मिळाला. आता त्याच वर्षीची त्याच्या नावावरची जय-पराजयाची नोंद पाहा : १० विजय, १० पराभव. बँकेत सगळ्यांत जास्त ठेवी आणून देणाऱ्या माणसाला पगारवाढ नाकारावी तशातला प्रकार. कारण साधं आहे. त्या वर्षी तीसही संघांत सर्वांत कमी धावा कुणी केल्या असतील, तर त्या आम्ही.

हे सगळं मी एकट्याने सोसलं असतं. पण त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून बाबा आले होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त, तरुणपणी तालुका पातळीवर क्रिकेटचं अंपायरिंग केलेलं, त्यामुळे कुठल्याही मैदानी खेळात आपला शब्द शेवटचा असं त्यांचं मत. १८ मेला फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना आम्ही दोघं टीव्हीवर बघत होतो. स्कीन्सने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या (यजमान फिलाडेल्फिया पुढे असल्याने त्यांना नववी खेळायची गरजच पडली नाही). मेजर लीगमध्ये त्याने सामना संपेपर्यंत पिचिंग करण्याची ही पहिलीच वेळ. एक धाव दिली. संपलं.

"जिंकलो?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, हरलो. एक-शून्य."

"त्याने किती दिल्या?"

"एक."

"आणि आपण?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग पराभव त्याच्या नावावर का लिहिला? नऊ बॅट्समनच्या नावावर लिहा ना."

"बेसबॉलमध्ये हार पिचरच्या नावावर जाते."

"मग त्यालाच बॅट द्या. हे बाकीचे मारत नाहीत, निदान तो तरी मारेल."

"पिचर आता बॅटिंग करत नाहीत. २०२२पासून तसा नियमच झालाय. त्यांच्या जागी दुसराच मारतो."

"कोण?"

"म्हणजे... चांगली बॅटिंग येणारा."

या वाक्यावर बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. स्कीन्स एअर फोर्स अकादमीत असताना पिचिंगबरोबर कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, हीही जागा सांभाळायचा आणि बऱ्यापैकी बॅटिंगही करायचा, हे मला ठाऊक होतं. पण ते मी बाबांना सांगितलं नाही. त्या वयात रक्तदाब सांभाळावा लागतो.

शेजारी मात्र शांत असतात. त्यांच्या मते पिट्सबर्गच्या पिचरने उत्तम खेळून हरणं ही इथली परंपराच आहे आणि ती ते पुराव्यानिशी सांगतात. २६ मे १९५९, मिल्वॉकी. आमचा हार्वी हॅडिक्स मैदानात उतरला आणि त्याने सलग ३६ बॅटर बाद केले. बारा इनिंग, एकही माणूस पहिल्या बेसवर पोचला नाही. असं पुन्हा कुणालाही जमलेलं नाही. आणि आमच्या बाजूने त्या बारा इनिंगांत धावा? बरोबर. तेराव्या इनिंगमध्ये हॅडिक्स हरला. शेजाऱ्यांनी हा सामना लहानपणी रेडिओवर ऐकल्याचं ते सांगतात, आणि सांगताना आवाजात अभिमान इतका, की आम्ही जिंकलो होतो असंच वाटावं.

याची दुसरी बाजूही आहे. १५ मे २०२२ला सिनसिनाटीच्या पिचरांनी आम्हाला एकही हिट मारू दिली नाही. एकही. तो सामना आम्ही जिंकलो. तीन फुकटचे वॉक मिळाले, एक मिळमिळीत ग्राउंडर गेला, त्यावर एकजण घरी पोचला म्हणजे धाव झाली, १-०. म्हणजे आमच्या फलंदाजांनी बॅट गाडीतच ठेवून यावं, असा एक विचार मांडता येतो. तो मी पीएनसी पार्क या आमच्या मैदानात एकदा मोठ्याने मांडला तर आजूबाजूचे लोक हसले नाहीत, त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

मैदान मात्र दृष्ट लागण्यासारखं आहे, हे मान्य करायला हवं. पलीकडे अलेघेनी नदी, तिच्यावर पिवळा क्लेमेंटी पूल, मागे शहराच्या उंच इमारती. मध्येच पिरोगीचा वेश घातलेली माणसं मैदानाच्या कडेने पळायची शर्यत लावतात. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेला पोलिश पदार्थ, इथल्या जुन्या कामगार वस्त्यांनी युरोपातून आणलेला. बाबांना सामन्यापेक्षा ती शर्यत आवडली. "इथे निदान कुणीतरी जिंकतं," म्हणाले.

सामने सप्टेंबरअखेर संपतात. २०२५ला ७१ जिंकून आणि ९१ हरून ते संपले. सुटलो असं वाटेल, पण बेसबॉलचं खरं दुखणं हंगाम संपल्यावर सुरू होतं. थंडीच्या चार महिन्यांत मैदानावर काहीच घडत नाही आणि फोनवर सगळं घडतं. कोण आला, कोण गेला, कुणाच्या बदल्यात कोण गेला, कुणाला चाळीस जणांच्या यादीतून काढलं. बायको म्हणते, तुमचा संघ खेळत नाही तेव्हा तू जास्त वाईट दिसतोस.

आमची भीती बिनबुडाची नाही. इथल्या जुन्याजाणत्या चाहत्याला त्यातल्या तारखा तोंडपाठ असतात. जानेवारी २०१८ : गेरिट कोल हा पिचर ह्यूस्टनला दिला. त्याने पुढे न्यूयॉर्कच्या यांकीजशी ३२ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला आणि साय यंगही मिळवला. त्याच वर्षी ३१ जुलैला क्रिस आर्चर नावाचा पिचर आणण्यासाठी टॅम्पा बेला तीन तरुण दिले, त्यांतला टायलर ग्लासनाऊ २०२५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या बाजूने सातव्या सामन्यात पिचिंग करत होता. टिम वेकफिल्ड या पिचरची गोष्ट तर शेजारी बर्फ उपसता उपसता सांगतात. १९९५च्या एप्रिलमध्ये आम्ही त्याला सोडून दिलं. बॉस्टनने उचलला. त्याच हंगामात १६ सामने जिंकला आणि एकूण सतरा हंगाम तिथेच टाकत राहिला. "सतरा," असं म्हणून ते फावडं बर्फात खुपसतात.

२०२५च्या हिवाळ्यात नवीन गोष्ट अशी झाली, की आमच्या मंडळींनी बॅटिंग आणायचं मनावर घेतलं. काइल श्वार्बर, ज्याने त्या हंगामात ५६ होमरन (बेसबॉलमधले षटकार) मारले, त्याला आम्ही म्हणे चार वर्षांचे साडेबारा कोटी डॉलर देऊ केले. बातमी वाचून मी घरात येरझाऱ्या घालू लागलो. पायरेट्स आणि साडेबारा कोटी हे एका वाक्यात वाचायची सवय नव्हती. मग लवकरच त्याने फिलाडेल्फियाशीच पुन्हा करार केला, पाच वर्षं, पंधरा कोटी. मनात शंका आली की त्याचं तिकडे आधीच ठरलेलं असावं आणि आपला आकडा फक्त तिकडचा भाव वाढवायला कामी आला असावा. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पण आपल्याकडे एवढे पैसे होते, तर मे महिन्यात का नाही दाखवले?"

त्यानंतर मात्र खरंच लोक आले. टॅम्पाचा ब्रँडन लाव आला. ३१ होमरनवाला. तीन संघांच्या त्या अदलाबदलीत आमचा माइक बरोज हा पिचर ह्यूस्टनला गेला. रायन ओहर्न हा बॅटर दोन वर्षांच्या करारावर आला. आणि श्वार्बर प्रकरणाच्या आधीच योहान ओव्हिएडो हा आणखी एक पिचर बॉस्टनला देऊन एक तरुण आउटफिल्डर, म्हणजे लांबवर क्षेत्ररक्षण करणारा, मिळवला होता, ज्याच्या नावाचं स्पेलिंग इतकं अवघड आहे की त्याला सगळे 'पासवर्ड' म्हणतात. हे मी रचून सांगत नाही. त्याचं ते टोपणनावच आहे. आमच्या एका मित्राने त्याचं ते मूळ नाव खरोखरच आपल्या वायफायचा पासवर्ड म्हणून ठेवलं आणि आता पाहुण्यांना सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ येतात.

बाबांनी त्या दिवशी कागद-पेन घेतलं.

"म्हणजे बॅट्समन आणायला बॉलर विकले?"

"हो. एक ह्यूस्टनला, एक बॉस्टनला."

"आणि तो तिसरा होता ना, जोन्स, तो कसा आहे?"

"कोपराचं ऑपरेशन झालंय. सबंध २०२५ बसून होता."

"मग टाकणार कोण?"

"मिशीवाला."

"रोज?"

"पाच दिवसांतून एकदा."

बाबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं. "आणि मधले चार दिवस?"

मी म्हटलं, मुलं आहेत, बब्बा चँडलर आहे, मिच केलर आहे, चांगली आहेत. पण माझा आवाज मलाच खरा वाटेना.

तरीही हे सगळं परवडलं असतं. त्याआधी नोव्हेंबरात मात्र हादरा बसला होता. स्कीन्सने म्हणे सहकाऱ्यांना सांगितलंय, की त्याला यांकीजकडे जायचंय, अशी बातमी आली. त्याने स्वतः लगेच ती खोटी म्हणून सांगितली. साय यंग मिळाल्याच्या आसपासच हे घडलं, त्यामुळे आमच्या गल्लीत त्या आठवड्यात अभिनंदन आणि सांत्वन एकाच वेळी चाललं होतं. इथले लोक सर्दी झाली तरी यांकीजचं नाव घेतात, पण या वेळी शेजारी दोन दिवस अंगणात दिसले नाहीत.

स्कीन्सच्या किमतीचा अंदाज यावा म्हणून एक गोष्ट. त्याच्या पहिल्या सामन्याच्या जर्सीचा तुकडा आणि सही असलेलं एकमेव कार्ड कुठल्यातरी पाकिटात होतं. पायरेट्सनी जाहीर केलं, ते आणून देणाऱ्याला होमप्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या दोन जागा तीस वर्षं फुकट. कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाला ते नाताळात सापडलं. त्याने तीस वर्षांची तिकिटं नाकारली आणि कार्ड लिलावात ११ लाख १० हजार डॉलरांना गेलं. स्कीन्सचा स्वतःचा त्या वर्षीचा मूळ पगार त्याहून कमी होता. मला वाईट पैशांचं वाटलं नाही. अकरा वर्षांच्या मुलाने पायरेट्सचे तीस हंगाम समोर ठेवल्यावर क्षणभरही विचार केला नसावा, याचं वाटलं.

तर मुद्दा असा, की हा किती दिवस आमचा? त्याचंही गणित आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळा होतो. २०२४ला आमच्या मंडळींनी त्याला ११ मेपर्यंत मेजर लीगमध्ये वर आणलंच नाही, आणि इथल्या लोकांची खात्री आहे की एक वर्ष वाचवायला. पण नवोदितांचा मुख्य पुरस्कार मिळवला तर सबंध वर्ष मोजायचं, असाही नियम आहे, आणि त्याने तो मिळवला. वाचवलेलं वर्ष वाया गेलं. आता तो २०२९चा हंगाम संपला की मोकळा.

हे बाबांना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. मग कपाटाकडे गेले, पासपोर्ट घेऊन आले आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"माझा व्हिसा ऑगस्ट २०२९पर्यंत आहे," ते म्हणाले. "म्हणजे जुलैत आलो की चालेल. एकदा आत आलं की सहा महिने राहता येतं. वर्ल्ड सिरीज कधी असते?"

"ऑक्टोबर संपता संपता."

"मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं परतीचं तिकीट काढतो."

मागून बायकोचा आवाज आला. "बाबा, सप्टेंबरअखेरचंच काढा. स्वस्त मिळेल."