खुलासा : टीडीएस कमी दिसला म्हणून फिल्टर चांगला आहे असे नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मोबाइल गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे : 'टीडीएस मीटरवर आकडा शंभराच्या आत असेल, तर आरओ यंत्रातील काहीही बदलू नका; मेम्ब्रेन मिठाच्या पाण्यात भिजवले की नव्यासारखे होते.' (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार; मेम्ब्रेन म्हणजे आरओ यंत्रातील पाणी गाळणारा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा.) यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

टीडीएस मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा केवळ अंदाज देते; जिवाणू, क्लोरीन किंवा कीटकनाशके त्याला ओळखता येत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कार्बन फिल्टर शोषून घेतो, आणि त्याची क्षमता संपली की तेच क्लोरीन पुढच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनवर जाऊन ते कायमचे खराब करते, म्हणजे स्वस्त भाग वाचवण्याच्या नादात महागडा भाग जातो. राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे पाणी पावसाळ्यात गढूळ येते, तेव्हा गाळ अडवणारा पहिला फिल्टर मुदतीआधीच तुंबू शकतो; प्रवाह मंदावला की तो तपासावा. अतिनील (यूव्ही) दिवा निळा दिसत राहिला तरी त्याची जंतुनाशक शक्ती कालांतराने घटत जाते, म्हणून तो साधारण वर्षाने बदलावा.

मिठाच्या पाण्याचा समज बहुधा बोअरवेलवरील सॉफ्टनरवरून, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रावरून, आला असावा. तेथील रेझिन (जडपणा आणणारे क्षार धरून ठेवणारे बारीक दाणे) मिठाने खरोखरच पुन्हा कार्यक्षम होते. मेम्ब्रेनची रचना मात्र सर्वस्वी वेगळी आहे. ज्यांनी हा प्रयोग केला असेल, त्यांनी यंत्राची तपासणी होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, ही कळकळीची विनंती.